एक जूनचा संशय

२ नोव्हेंबर २००३, रविवार

शाळेच्या ऑफिसात एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या जन्मतारखा लिहिल्या, स्वतःसाठी कधी एक ओळ लिहिली नाही. आजपासून लिहिणार. कारण कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते नेमकं कुठे हे तारीखवार मांडल्याशिवाय सापडत नाही, असा हेडक्लार्क म्हणून माझा अनुभव आहे.

सकाळी तृप्तीच्या सायकलच्या सरावाला स्कूटरवरून मागे मागे गेलो. त्र्यंबक रोडला सातपूरची वस्ती संपली तेव्हापासून अंजनेरीपर्यंत आमची मुलगी सगळ्यांच्या पुढे. तिच्या मागच्या चाकाला वीतभर अंतरावर चिकटलेली ती सुरगाण्याकडची नवी मुलगी, आशा भोये. आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहते. हडकुळी, हात लांबच लांब. ती बाई शेवटच्या दोनशे मीटरला हळूच बाहेर निघाली आणि पहिली आली. आयत्या बिळावर नागोबा. वर त्यांचा कोच हिरामण, ज्याचं पंचवटीत सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, तो टाळ्या वाजवतो.

त्याहून वाईट म्हणजे तो भर रस्त्यात ओरडला, “तृप्ती, आशाची पाळी तू घे.” एका पुरुषाने मुलींसमोर हा शब्द काढावा? मी स्कूटर थांबवून उभा राहिलो.

४ नोव्हेंबर

शेवटी सौ.ला विचारलं. ती इतकी हसली की हातातलं लाटणं खाली ठेवावं लागलं. मग तृप्तीनेच समजावलं. पाळी म्हणजे पुढे राहायची पाळी. सायकलवर खरा शत्रू वारा. पुढची वारा कापते, मागचीची ताकद वाचते. म्हणून आलटून पालटून पुढे यायचं.

ठीक आहे. पण मग मी रविवारचं आठवून मोजलं. पाळ्या आमच्या मुलीच्या अकरा, त्या आशाच्या दोन. आलटून पालटून असं असतं का?

९ नोव्हेंबर, रविवार

हिरामण घरी आला, हातात एक व्हीसीडी. युरोपातल्या बायकांची शर्यत. या बायका नोकरी म्हणून सायकल चालवतात, त्यांना कंपन्या पगार देतात. सौ. मेथी निवडायची थांबली.

डोंगराचा रस्ता, वरून भुरभुर पाऊस. निळ्या बनियनच्या सहा जणी. त्यातली एक जाड पोटऱ्यांची बाई अख्खा डोंगर एकटीने ओढत होती आणि तिच्या मागे एक बारकी. शेवटचा एक किलोमीटर उरला तेव्हा जाडी बाजूला झाली, जवळजवळ थांबलीच, डोकं हँडलवर टेकवलं. बारकी सुटली आणि जिंकली.

“भाऊसाहेब, मला विचाराल तर शर्यत त्या जाडीनं मारली,” हिरामण म्हणाला.

“मग बक्षीस?”

“बक्षीस बारकीच्या नावावर. जाडीचा नंबर असेल साठ-सत्तरावा.”

“आणि तिचा पगार?”

“त्याचाच तर पगार हाय.”

हरण्याचा पगार. मी ऑफिसात पुढे राहून राबणारे पाहिलेत आणि त्यांच्या मागे बसून बढती घेणारेही पाहिलेत. पण आपल्या मागे कोण बसलंय हे ठाऊक असून राजीखुशीने राबणारा माणूस मला तरी भेटला नाही. तेव्हा यात काहीतरी वेगळं असणार. तृप्तीने तो डोंगर तीन वेळा मागे घेऊन पाहिला, आणि तिन्ही वेळा ती जिंकणारीकडे नाही, त्या जाडीकडे बघत होती. मला ते आवडलं नाही.

१५ नोव्हेंबर

आमच्या जिल्हा सायकल मंडळात कागदपत्रं तपासायचं काम माझ्याकडे आहे. आज निवड चाचणीचे अर्ज आले. वयोगट: १ जानेवारी १९८७ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली. जिल्ह्यातून एकच मुलगी राज्याच्या संघासाठी जाणार. अकरा जानेवारीला चाचणी.

आशाचा दाखला उघडला. जन्मतारीख: १ जून १९८७.

एक जून. मी खुर्चीत ताठ बसलो. शाळा जूनमध्ये उघडते आणि ज्या पोराची तारीख घरच्यांना माहीत नसते त्याला मास्तर एक जून देऊन टाकतात. सरकारी कागद खरे मानले तर निम्मा महाराष्ट्र एक जूनला जन्मला. माझ्या सर्व्हिस बुकातही एक जूनच आहे, पण मी काही शर्यतीत उतरलेलो नाही. ही मुलगी नक्की अठरा-एकोणीसची असणार. उगाच का अशी धावते?

तृप्तीचा दाखला तपासायचा प्रश्नच नव्हता. तो मीच लिहिलेला आहे.

२२ नोव्हेंबर

आज तृप्तीचा वाढदिवस. म्हणजे घरातला. सौ.ने खीर केली. अठरा पूर्ण.

दाखल्यावर तिची तारीख १२ जानेवारी १९८७ आहे. खुलासा लिहून ठेवतो. पहिलीत जायच्या वर्षी तिला विषमज्वर झाला, दोन महिने अंथरुणात. वर्ष बुडालं. पुढच्या जूनला आमच्या शाळेत मीच नाव दाखल केलं आणि तारीख पुढे सरकवून बुडालेलं वर्ष भरून काढलं, वर दीड-दोन महिने सोयीचे. पुढे नोकरीच्या वयाला उपयोगी पडतात. एक जून टाकण्याइतका मी कच्चा नाही. यात कुणाचं काय गेलं? ही दुरुस्ती झाली, लबाडी नव्हे.

खीर खाताना तृप्तीने विचारलं, “बाबा, आज मी किती वर्षांची झाले?”

“घरात अठरा, बाहेर सोळा.”

“आणि सायकलवर?”

मी म्हटलं, खीर गार होतेय. हल्ली तिला असले प्रश्न सुचतात. त्या हिरामणची संगत.

२५ नोव्हेंबर

आशा भोयेच्या वयाबद्दल लेखी आक्षेप मंडळाचे अध्यक्ष शेखरराव यांच्याकडे दिला. हाडांची तपासणी मागितली. मनगटाच्या एक्स-रेवरून वय कळतं. शेखरराव म्हणाले, “देवरे, तुमची मुलगीच स्पर्धेत आहे, लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, लोकांचं सोडा, नियम तो नियम. खोट्या तारखेने खऱ्या मुलीची जागा जाऊ नये.

घरी आल्यावर सांगितलं. सौ. म्हणाली, “आपला तो बाब्या.” एवढंच म्हणाली आणि आत गेली. अर्धी म्हण टाकून जायची तिची जुनी सवय आहे.

७ डिसेंबर, रविवार

पेठ रोडला सावळ घाटाचा सराव. चढावर तृप्ती पुन्हा पुढे आणि आशा मागे. वरती पोचल्यावर तृप्तीचा चेहरा लाल, ओठ कोरडे. आशाने स्वतःची पाण्याची बाटली आधी तिला दिली. लांगूलचालन.

मी हिरामणला बाजूला घेतलं. “माझ्याच मुलीला का झिजवता? काय ठरलंय तुमचं?”

“मी नाय सांगत, भाऊसाहेब. तीच मागून घेते. मी लय वेळा बोललो, तू बी मागं बस, तुझ्यात दम हाय. ऐकत नाय. का ते तिलाच इचारा.”

पढवलेलं उत्तर. तरी गाडीला किक मारताना मी तृप्तीकडे पाहिलं. तीही माझ्याकडेच बघत होती. विचारलं नाही.

१३ डिसेंबर

विशेष काही नाही. आक्षेप दिल्यापासून तृप्ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

२६ डिसेंबर

रजा टाकून सुरगाण्याला गेलो. नाशिकहून एसटी, पुढे जीप. जीपमध्ये सोळा माणसं आणि माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी. आशाच्या आश्रमशाळेतलं जुनं रजिस्टर पाहायला मिळालं. मी तारखांचा रकाना एका नजरेत वाचतो. १९९३ च्या पहिलीत एकोणीस नावं, एकोणीस वेळा १/६/८७. एकच शाई, एकच हात. मला गुलाल उधळल्यासारखा आनंद झाला.

ते लिहिणारे सोमा गुरुजी निवृत्त होऊन शेजारच्याच पाड्यावर राहतात. त्यांना गाठलं. म्हटलं, गुरुजी, ही कसली तारीख?

गुरुजींना लाज वगैरे काही नाही. म्हणाले, “तारीख कुणाकडं व्हती, भाऊसाहेब? आम्ही कान बघायचो.”

“कान?”

त्यांनी स्वतःच करून दाखवलं. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायचा. “पोराचा हात कानाला लागला का पोर सहाचं. नाय लागला तर पुढल्या जूनला ये.” मग ते हसायला लागले. “ती आशी भोये ना? ती लय बारकी व्हती. आई द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडं चालली, पोरीला ठेवायची कुठं? मी बोललो, लय लहान हाय, नाय जमणार. तर पोरीनं हात टाकला न कान धरला. हातच तेवढे लांब तिचे. काय करता? कान लागला, लिहिली.”

“म्हणजे मोठी होती ती?”

“मोठी कुठली? पाचाची पण नसंल. वर्गात मुतायची.”

परतीच्या जीपमध्ये बसून हिशेब केला. ८७ ची लिहिलेली मुलगी ८८ च्याही शेवटाची निघते. म्हणजे आज पंधरा. खोटी तारीख आहे, पण उलट्या बाजूने खोटी. नियमात ती बसते, आणि वर आमच्या मुलींपेक्षा लहान असून त्यांना मागे टाकते.

अर्थात गुरुजी म्हातारे आहेत, स्मरणशक्तीचा भरवसा काय.

२८ डिसेंबर

आक्षेप मागे घ्यायचा अर्ज लिहिला. खिशात ठेवून शेखररावांच्या घरापर्यंत गेलो. फाटकाशी विचार आला की कानावरून वय ठरवणाऱ्या माणसाची साक्ष ती काय? एक्स-रे होऊ दे, लेखी येऊ दे. अर्ज परत आणून या वहीत ठेवला आहे.

खरं लिहायचं तर, आशा नसेल तर तृप्ती पहिली येईल हे मला फाटकाशीच आठवलं.

५ जानेवारी २००४

आज सरकारी दवाखान्यात आशाचा एक्स-रे. अज्ञान मुलीच्या पालकाची सही लागते म्हणून तिची आई चिमणाबाई दिंडोरीकडच्या द्राक्षबागेतून आली होती. मंडळातर्फे मी हजर. बाईच्या हातांना फवारणीच्या औषधाचा वास, नखं हिरवी.

ती थेट माझ्यापुढे येऊन हात जोडून उभी राहिली. “भाऊसाहेब, पोरगी सांगत व्हती, तुम्हीच फोटो काढाया लावला हाताचा. सायकलीनं हाताला काय इजा झाली का ते बघाया. आमचं कोण बघतं एवढं?”

मी आशाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. आईला तिने खरं सांगितलेलं नव्हतं.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “मुलीचा जन्म कधीचा?”

“नागली कापायची व्हती, दिवाळीच्या टायमाला,” चिमणाबाई म्हणाली. “त्याच्या आदल्या साली आमची मोठी गेली तापानं. तिच्या मागनं ही. साल मला नाय सांगता येत.” मग आशाचं मनगट स्वतःच्या हातात घेऊन म्हणाली, “हाड तर चांगलं दिसतंय ना, भाऊसाहेब?”

चांगलं आहे, म्हटलं. रिपोर्टला आठवडा लागेल असं तिथे कळलं. म्हणजे चाचणीनंतर. तो अर्ज वहीतच आहे. का दिला नाही हे मला आज विचारलं तर सांगता येणार नाही.

११ जानेवारी, रविवार

चाचणी झाली. जे झालं ते क्रमाने लिहितो.

सुरुवातीच्या रेषेवर शेखररावांनी आशाला थांबवलं. आक्षेपाचा निकाल नाही तोवर भाग घेता येणार नाही. तिने सायकल रस्त्याच्या कडेला नेली, पाठीवरचा नंबर सोडला, घडी घातली आणि परत दिला. तृप्ती रेषेवरून खाली उतरत होती. हिरामणने तिला दंडाला धरून परत बसवलं.

तीस किलोमीटर तृप्ती एकटी पुढे होती. बाकीच्या मागे बसल्या, कुणी पाळी घेतली नाही. मी स्कूटरवरून बघत होतो. घाटात वाटलं, ही आता पडणार. पण मागच्याच एकेक करून गळत गेल्या. शेवटी ती एकटीच आली, दुसरी येईपर्यंत मिनिटभर रस्ता मोकळा होता. दुसरी आली आरोही, शेखररावांची पुतणी.

लोकांनी माझ्या गळ्यात हार घातला. तृप्तीने तिच्या गळ्यातला काढून आशाच्या सायकलच्या हँडलला अडकवला. मला वाटलं होतं मला आनंद होईल. झाला नाही.

१२ जानेवारी

रिपोर्ट आला. हाडावरून वय अंदाजे पंधरा ते साडेपंधरा. मी तो दोनदा वाचला. डॉक्टरही त्यांना सामील असतील असा विचार क्षणभर मनात येऊन गेला, इतका मी पुढे गेलो आहे. संशयाला औषध नाही म्हणतात ते खरं.

१३ जानेवारी

संध्याकाळी तृप्ती समोर येऊन बसली. सौ. तिच्या शेजारी.

“बाबा, मी का पुढे राहायची ते तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

“आता सांग.”

“मला जिंकून चालणार नव्हतं. माझी तारीख मला माहीत आहे. सायकल सोडवत नव्हती, आणि खरी तारीख सांगावी तर तुमची नोकरी जाणार. म्हणून ठरवलं, शर्यतीत राहायचं पण जागा आशाची. तिला वाऱ्यातून काढायचं आणि शेवटी बाजूला व्हायचं. त्या दिवशी ती मागे नव्हती, तर बाजूला कुणासाठी होऊ?”

मी म्हटलं, ठीक आहे, नाव मागे घे, प्रकृतीचं कारण देऊ.

“मग दुसऱ्या नंबरची आरोही जाईल. आशा नाही जाणार. नियम तुम्हीच लिहिलाय.”

खरं आहे. मंडळाच्या नियमांचा मसुदा माझाच. विजेतीने माघार घेतली तर दुसरी जाते. विजेतीवरचा वयाचा आक्षेप पुराव्याने सिद्ध झाला तर चाचणी रद्द होऊन नव्याने घेतात. मुदत तीन दिवस, म्हणजे उद्या संध्याकाळी पाचपर्यंत.

“पुरावा कुठून आणायचा?” मी विचारलं, आणि विचारतानाच उत्तर माहीत होतं. महापालिकेचा तिचा मूळ जन्मदाखला माझ्या कपाटात आहे. मीच लपवून ठेवलेला.

निवृत्तीला सोळा महिने उरलेत. रजिस्टरमधली खोटी नोंद, तीही स्वतःच्या मुलीची. निलंबन, चौकशी, पेन्शन अडकणार. हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. तृप्ती म्हणाली, “मी तुम्हाला करा म्हणत नाही, बाबा. विचारलं नव्हतंत, म्हणून सांगितलं.”

सौ. रागावली की तिची माहेरची, नामपूरची भाषा वर येते. “पोर मन्ही शे. जल्म मी दिन्हा. तारीख माले इचारा, रजिस्टरले नका इचारू.” आणि उठून गेली.

१४ जानेवारी

ऑफिसला गेलो नाही. सकाळभर त्या युरोपातल्या जाड बाईचा विचार करत होतो. डोंगर ओढताना तिला आपला नंबर ठाऊक होता. इतके दिवस मी तिच्यात लबाडी शोधत होतो, आणि माझ्याच घरात तसं माणूस जेवत होतं. मला लाज वाटली, आणि तेवढाच अभिमानही वाटला. कपाट उघडून जन्मदाखला काढला. २२ नोव्हेंबर १९८५, मुलगी, वजन साडेपाच पौंड.

तीन वाजता मंडळाचा आक्षेपाचा छापील अर्ज घेऊन टेबलाशी बसलो. अक्षर चांगलं यावं म्हणून शाईचं पेन घेतलं.

आक्षेप घेणाऱ्याचे नाव: रंगनाथ नामदेव देवरे.

आक्षेप असलेल्या खेळाडूचे पूर्ण नाव: कु. तृप्ती रंगनाथ देवरे.

इथे थोडा थांबलो. मुलीचं नाव लिहिताना मध्ये आपलं नाव येतं हे इतक्या वर्षांत हजारदा लिहिलं, वाचलं कधीच नव्हतं.

त्याखाली रकाना आहे: चुकीची नोंद कोणी केली, माहीत असल्यास. तिथेही तेच नाव लिहिलं. सही करून, जन्मदाखला टाचून, कागद तृप्तीच्या हातात दिला. साडेतीन वाजले होते.